कुलूप ओढून बघणारे अण्णा

अण्णा पोतदार घराला कुलूप लावत, ते ओढून बघत, मग गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि तिथून परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघत. काकू तोवर टोकाशी पिशवी धरून उभ्या. मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही काही बोलत कशा नाही?" तर म्हणाल्या, "अगं सुलभा, आमच्या लग्नात सप्तपदी झाल्यावर हे भटजींना म्हणाले, पावलं नक्की सात झाली ना? तेव्हापासून मी बोलणं सोडलं."

अण्णांचं यावर उत्तर ठरलेलं होतं. "कुलपावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण बघून घेतलेलं बरं."

दूधवाल्यावर पूर्ण विश्वास होता, पण दुधाचा थेंब नखावर घेऊन तो ओघळतो का ते बघितल्याशिवाय पातेलं आत जात नसे. डॉक्टरांवर विश्वास होता, म्हणून त्यांनी दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची. महाकालावर तर होताच होता. तरी देवळाबाहेर काढलेल्या चपलांपैकी एक ते दुसऱ्या रांगेत ठेवत. एकच चप्पल कोण चोरतो, असा त्यामागचा हिशेब. गर्दीच्या दिवशी ती दुसरी शोधण्यात आमचा तास जायचा, ती गोष्ट वेगळी.

माधव नगरात आमची घरं समोरासमोर होती. मी उज्जैनची सून, माहेर खंडव्याचं. नवी नवरी म्हणून नमस्काराला गेले तर आशीर्वाद द्यायच्या आधी अण्णांनी विचारलं, "खंडव्यात शाळा कुठली? शाळेच्या फाटकासमोर काय होतं?" मी म्हटलं, चिंच. "बरं," म्हणाले आणि मग अष्टपुत्रा वगैरे झालं. पंधरवड्यानंतर गच्चीत कपडे वाळत घालत होते तर खालून हाक आली, "सुलभा, चिंच आहे हो!" खंडव्याच्या स्टेशनवरच्या कुणा ओळखीच्या माणसाला पाठवून त्यांनी झाड बघून घेतलं होतं. मला इतका राग आला म्हणता! आमचे हे हसत सुटले. म्हणाले, "तू पास झालीस. मला तर अजून रिझल्ट नाही मिळाला."

हे सगळं रक्तातच होतं म्हणायचं. पोतदार म्हणजे शिंदेशाहीत नाणी पारखणारे. दगडावर नाणं वाजवायचं आणि कानानं ठरवायचं, खरं की खोटं. खजिना गेला, शिंदेशाही गेली, कान तेवढे राहिले. अण्णांना नोकरीही तशीच मिळाली, रेल्वेत दावे तपासायची. मालगाडीत माल फुटला, भिजला, हरवला की व्यापारी भरपाईचा दावा लावायचा आणि तो खरा की खोटा हे अण्णांनी जाऊन बघायचं. एकदा एका सेठजींनी बांगड्यांची अख्खी पेटी फुटली म्हणून दावा लावला. अण्णांनी प्लॅटफॉर्मवर चादर पसरली, पेटी त्यावर उलटी केली आणि मांडी घालून तुकडे जुळवायला बसले. संध्याकाळपर्यंत एकही बांगडी पुरी होईना. तेव्हा उठून म्हणाले, "सेठजी, ये तो दस दुकानों का कचरा है." सेठजींनी पेटी उचलली आणि मुकाट निघून गेले.

पण त्याच अण्णांची दुसरी एक गोष्ट काकू आवर्जून सांगायच्या. एका विधवा बाईची ट्रंक हरवली होती. पावती नाही, कागद नाही, काही नाही. सगळं ऑफिस म्हणत होतं, हाकलून द्या. अण्णांनी तिला ट्रंकेबद्दल बोलतं केलं. ती म्हणाली, डाव्या बाजूची बिजागरी उघडताना कण्हते. अण्णा गोदामात गेले, बेवारशी ट्रंका एकेक करून उघडत बसले, आणि एक कण्हली. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "दावा मंजूर." अख्ख्या नोकरीत हे दोन शब्द त्यांनी फार थोड्या वेळा उच्चारले असतील. म्हणायचे, "कागद खोटा करता येतो. खूण नाही करता येत. ज्याचा हात फिरलाय त्यालाच खूण ठाऊक असते."

आता मिलिंदचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

मिलिंद त्यांचा एकुलता एक. इंजिनियर होऊन पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत लागला. ते दिवसच तसे होते. आमच्याकडे पीसीओच्या पाट्या उतरत होत्या नि त्याच खिळ्यांवर सायबर कॅफेच्या चढत होत्या, आणि ज्याच्या त्याच्या घरचं पोर पुण्या-बंगलोरला पळत होतं. तिथे त्यानं लग्न ठरवलं, मेधा नावाच्या मुलीशी. फोनवर अण्णा म्हणाले, "मुलीवर माझा पूर्ण विश्वास आहे." काकूंनी तिथेच कपाळाला हात लावला.

मुलीकडची चौकशी काय, सगळेच करतात. कुणी मावशीला विचारतं, कुणी मामेसासऱ्याला. अण्णांनी केली ती दाव्याची तपासणी. कुणाला न सांगता पुण्याला गेले. मेधा राहायची त्या इमारतीखाली उभं राहून चौकीदाराला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं. मुलगी किती वाजता येते, कुणाबरोबर येते, सामान उधारीवर नेते का. भर उन्हाळा होता. शेवटी वरून एक मुलगी पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन खाली आली. म्हणाली, "काका, केव्हापासून उन्हात उभे आहात. पाणी घ्या. कुणाला शोधताय?" अण्णा म्हणाले, "मी विमा एजंट आहे." पाणी प्यायले आणि परत आले. मुलगी चांगली आहे असा निकालही त्यांनी गाडीतच देऊन टाकला होता, काकूंना येऊन तसं म्हणालेही.

पण पुढे मिलिंदनं तिला घरचा फोटो दाखवला आणि ती म्हणाली, अरे, हे तर ते विमा एजंट! झालं. मिलिंदनं फोन करून बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, तुम्ही माणसं बघतच नाही. दावे बघता." लग्न पुण्यात रजिस्टर झालं. यांना बोलावणं नव्हतं. पुढे दोघं अमेरिकेला गेले. मिलिंदचा फोन यायचा, पण अण्णा फिरायला बाहेर पडले असतील अशी वेळ साधून, फक्त आईला, आणि त्यातलं अण्णांना काही न सांगायच्या बोलीवर. अण्णांना हे माहीत होतं. म्हणून ते फिरायची वेळ कधी चुकवत नसत. पाऊस असो, ताप असो, बरोबर त्या वेळेला छत्री घेऊन बाहेर. मुलाला आईशी बोलता यावं म्हणून हा माणूस भिजत हिंडायचा आणि वर म्हणायचा, "डॉक्टरनं सांगितलंय."

मी तेव्हा माधव नगरातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. अण्णा तिथे पहिल्यांदा आले ते इंटरनेट ही फसवणूक आहे याचा पुरावा गोळा करायला. मी त्यांच्यासमोर खंडव्याच्या भावाला मेल पाठवली, त्याचं उत्तर आलं. अण्णा म्हणाले, "हा तुझा भाऊच कशावरून?" मी म्हटलं, "विचारा काहीतरी." त्यांनी चिंचेचं विचारलं. भाऊ गोंधळला, पण बरोबर सांगितलं. तिथून त्यांना नाद लागला.

आणि मग आमचा 'ओटा' निघाला. उज्जैन सोडून गेलेल्या मराठी मंडळींनी इंटरनेटवर एका जागी बसून गप्पा मारायच्या, एवढाच विचार. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी खाली उत्तरं द्यायची. मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, वाचताना डोळे फिरायचे, पण लोक तुटून पडले. नागपूर, पुणे, दुबई, अमेरिका. पोह्यांवर शेव किती असावी यावर आठवडा आठवडा भांडणं. तांत्रिक काम माझ्याकडे आणि दारावर अण्णा.

दारावर म्हणजे दारावरच. नवा माणूस आला की अण्णांनी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पटलं तरच आत. "मूळचे कुठले, कोणत्या गल्लीतले" हे आपल्याकडे कुणीही विचारतं, पण अण्णा आजोबांच्या घराच्या जिन्यापर्यंत जायचे. एक गृहस्थ लिहून आले की लहानपणी नानाखेड्याच्या बस स्टँडवर उसाचा रस प्यायचो. अण्णांनी कळवलं, "आपल्या लहानपणी तिथे गहू होता, स्टँड नव्हता. नमस्कार." मी म्हटलं, "अण्णा, विसरला असेल बिचारा!" ते म्हणाले, "अगं, विसरणारा माणूस 'बहुतेक' म्हणतो. हा भिया तर रसाचा भाव पण सांगून राहिला."

अशात एक दिवस 'निंबोळी' आली. ओट्यावर टोपणनाव चालायचं, पण प्रश्न सुटायचा नाही. अण्णांनी विचारलं, देवास गेटला सकाळी पोहे खायला जायचं तर सायकल कुठे लावायची? उत्तर आलं, "लावायची कशाला? बाबा सायकल धरून उभे राहायचे. चोरीला जाईल म्हणून."

अण्णांनी पडद्यावर बोट फिरवत ते पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "येऊ दे."

निंबोळी आठवड्यातून एकदा लिहायची. आमच्या माळव्यात माणूस स्वतःला 'आपण' म्हणतो, तेव्हा लिहिणारा बुवा आहे की बाई ते कळायला मार्ग नाही. मी बुवाच धरला. सायकलच्या दांडीवर बसून जायचं, एकदा चाकात पाय गेला, टाचेवर अजून चंद्रकोरीसारखा वण आहे, बाबा तसेच कडेवर घेऊन दवाखान्यात पळाले आणि त्या दिवशी सायकल पहिल्यांदाच रस्त्यात उघड्यावर टाकली. हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "अण्णा, हा आपला मिलिंदच!"

"संशय आहे," अण्णा म्हणाले.

"मग विचारा की! एक ओळ टाका."

"नको. मागच्या खेपेला खात्री करायला गेलो तर मुलगा गेला. हा एवढा एक संशय राहू दे मला."

त्यानंतर ते रोज दुपारी क्लासमध्ये येऊन कोपऱ्यातल्या मशीनवर बसू लागले. निंबोळीचं काही आलं असलं की जाताना मुलांना गोळ्या वाटायचे. स्वतः कधी तिच्याखाली एक अक्षर लिहिलं नाही. तरी दोघांचं काहीतरी चाललेलं असायचं. निंबोळीनं लिहिलं की भरल्या मिरच्या जमत नाहीत, की दोन दिवसांनी अण्णा सगळ्यांसाठी म्हणून काकूंची रीत टाकायचे. मला हसू यायचं.

आणि नेमकी तेव्हाच जागा बदलायची पाळी आली. इंटरनेटवरचं पान म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर मिळालेली जागा. आम्हाला ती एका परदेशी कंपनीनं फुकट दिली होती. त्या कंपनीनं कळवलं, महिनाअखेर आम्ही ही सोय बंद करतो आहोत, आपापलं सामान उचला. मी इंदूरचा एक माणूस शोधला, पंकज नावाचा, तो अशी जागा भाड्यानं द्यायचा. ओट्यावर एकच गदारोळ. "आता उज्जैनकरांनी इंदूरवाल्यांच्या घरी भाड्यानं राहायचं का?" दुबईहून एकानं तर निषेध म्हणून आठवडाभर मौन पाळलं.

अण्णा म्हणाले, "पंकजवर माझा पूर्ण विश्वास आहे." मी पर्स उचलली. दुसऱ्या दिवशी आम्ही बसमध्ये होतो.

पंकजचं ऑफिस म्हणजे एका मिठाईच्या दुकानावरची खोली. अण्णांनी भिंती बघितल्या, पंखा बघितला आणि म्हणाले, "गोदाम दिखाइए."

"अंकलजी, सर्व्हर तो अमेरिका में है."

"तो आप यहाँ क्या कर रहे हैं?"

पंकजनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. पुढे तासभर त्या बिचाऱ्याची उलटतपासणी झाली. माल चढवताना मोजणार कोण, उतरवताना मोजणार कोण, वाटेत फुटला तर दावा कुणाकडे लावायचा. शेवटी पंकज हात जोडून म्हणाला, "अंकलजी, मैं खुद आपके सामने गिन दूँगा." खाली उतरल्यावर अण्णा म्हणाले, "मुलगा बरा आहे. खोटं बोलणारा एवढा वैतागत नाही."

खरी अडचण नंतर निघाली. लिहिलेलं सगळं नव्या जागी नेता येत होतं, पण सभासदांचे पासवर्ड जात नव्हते. प्रत्येकानं नव्यानं नाव नोंदवायचं, आणि नव्या जागेचा नियमच होता की खरं नाव आणि मेलचा पत्ता दिल्याशिवाय दार उघडणार नाही. मी हे सांगितलं तेव्हा वाटलं, अण्णा खूष होतील. आयुष्यभर हेच तर मागत आले!

अण्णांचा चेहरा पडला. "मग निंबोळी?"

"देईल की नाव."

"नाही देणार. सुलभा, नाव द्यायचं असतं तर निंबोळी कशाला झाली असती? ती गेली की माझं सगळं गेलं गं. मला दुसरीकडून काही कळत नाही. त्याला थंडी वाजते का, तो जेवतो का, काही काही कळत नाही." हे बोलताना त्यांचा आवाज फुटला आणि ते उठून पाणी प्यायला गेले.

बाकीच्यांनी मात्र धमाल केली. अण्णांच्या हाताखालून गेलेली मंडळी ती. नुसतं नाव-पत्ता मागितला तर लोकांनी न विचारता पुरावे जोडले. कुणी रेशन कार्ड, कुणी शाळेचा दाखला, आणि एकानं आजोबांची मुंज क्षिप्रेच्या कोणत्या घाटावर लागली तेही लिहून पाठवलं. पंकजचा फोन आला, "मॅडम, ये लोग फोरम जॉइन कर रहे हैं या पासपोर्ट बनवा रहे हैं?"

ठरल्या दिवशी आम्ही ओट्याचं नाव नव्या जागेकडे वळवलं. अण्णांना समजावलं की हा बदल जगभर पोचायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर कुणी जुन्या जागी जाईल, कुणी नव्या. ते लगेच म्हणाले, "म्हणजे गाडी वळवली, पण सगळ्या स्टेशनांना तार पोचलेली नाही." बरोबर तेच. आणि अशा वेळी शिस्त ही की जुन्या जागेला कुलूप घालायचं. लोकांना वाचता यावं, पण लिहिता येऊ नये. नाही तर कुणी तिथे लिहून बसतो आणि ते लिहिलेलं कंपनीबरोबर बुडतं. मी ते बटण दाबणार, तर अण्णांनी माझा हात धरला.

"कुलूप लावू नकोस."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. "अण्णा, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतोय. राहू दे उघडं. मी बसतो तिथे."

आणि खरंच बसले. सगळी मंडळी नव्या ओट्यावर जमली, भांडणं सुरू झाली, दुबईवाल्यानं मौन सोडलं. अण्णा कोपऱ्यातल्या मशीनवर जुन्या रिकाम्या पानासमोर. कंपनीच्या लांबलचक पत्त्यावर ते अजून उघडत होतं. आठवडा गेला. महिना संपत आला. निंबोळी नव्या जागी आली नाही, जुन्या जागीही नाही. मी रोज म्हणायचे, "येईल हो." ते म्हणायचे, "विश्वास आहे." पुढचं वाक्य म्हणत नसत.

कंपनीनं गाशा गुंडाळायच्या आदल्या दुपारी मी मुलांना शिकवत होते, आणि अण्णांनी मला नुसता हात वर करून बोलावलं. जुन्या पानावर निंबोळीनं लिहिलं होतं. "नव्या ओट्यावर नाव मागतात. आपल्याला ते देणं जमणार नाही. इथे फार बरं वाटलं. सगळ्यांना नमस्कार. देवास गेटला आपल्या वाटणीचे पोहे खाऊन घ्या."

मी म्हटलं, "अण्णा, उद्या हे पान राहणार नाही. काय लिहायचं ते आत्ता लिहा. मिलिंद म्हणून हाक मारा!"

"मिलिंद नाही ती," अण्णा म्हणाले. "मेधा आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"पहिल्याच महिन्यात ओळखलं. तो वण टाचेच्या पाठीमागे आहे. स्वतःच्या टाचेची पाठ कोण बघतो? मिलिंदला तो धड आठवतसुद्धा नसेल. मी दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून आणली, पण वण कसा उमटला ते मीही कधी बघितलं नाही. चंद्रकोरीसारखा! असं निरखून बायकोच सांगते." मग म्हणाले, "ज्या मुलीची मी वाण्याकडे चौकशी केली, ती मला माझ्या मुलाची खबर देऊन राहिली, दर आठवड्याला. आणि मी तिला प्रश्न विचारून आत घेतली."

राग त्यांचा यावा तर त्यांचेच डोळे भरून आलेले. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. अण्णांनी एका बोटानं टाइप करायला घेतलं. मी मदत करू का विचारलं तर मान हलवली. बऱ्याच वेळानं ते पुरं झालं:

"निंबोळी यांस, तुमची चौकशी पूर्वीच झालेली आहे. ती मीच केली आणि फार चुकीच्या जागी उभं राहून केली. तेव्हा तुम्ही पाणी दिलंत, मी खोटं बोललो. नव्या ओट्यावर तुमचं नाव मी घातलं आहे, जामीन मी आहे. तुम्हाला काही विचारायचं नाही. यावं. अनंत पोतदार, विमा एजंट."

नव्या जागी मी निंबोळीचं नाव हातानं चढवलं, मेलच्या रकान्यात अण्णांचा पत्ता टाकला. तसं करणं नियमात बसत नव्हतं. अण्णा म्हणाले, "असू दे." निंबोळीला आत यायची खूण, म्हणजे पासवर्ड, त्यांनी त्या पत्राखालीच लिहिली, सगळ्या जगाला दिसेल अशी, उघड्यावर.

दुसऱ्या दिवशी जुनं पान गेलं. मी सांगते, माणूस गेल्यावर घरात होतं तसं झालं मला. तिनं वाचलं की नाही कळायला मार्गच राहिला नाही. अण्णा त्या दिवशी क्लासमध्ये आले नाहीत. काकू म्हणाल्या, जेवले नाहीत, पोटात बरं नाही म्हणून सांगताहेत.

त्यानंतरच्या सकाळी मी नवा ओटा उघडला. निंबोळीच्या नावानं एकच ओळ होती. "पोचले, काका. दार उघडंच होतं." मी तशीच, हाताला खडू लागलेला, रस्त्यातून पळत सुटले आणि त्यांच्या फाटकातूनच ओरडले. अण्णा आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "नक्की ना?" काकू आतून म्हणाल्या, "अहो, आता तरी!"

दिवाळीच्या आधी मेधा मिलिंदला घेऊन अमेरिकेहून आली. अण्णांनी मलाही स्टेशनवर चल म्हणून सांगितलं. घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि टोकावरून परत वळले नाहीत. काकूंनी माझा हात दाबला. अण्णांच्या हातात घरून भरून आणलेला तांब्या नि पेला होता. गाडी थांबली, मेधा आधी उतरली. अण्णांनी पेला भरून पुढे केला. तिनं तो तिथेच, गर्दीत उभ्या उभ्या, रिकामा केला. म्हणाली, "काका, विम्याचं काय झालं पुढे?" अण्णा हसायला गेले आणि रडले. मिलिंद मागे बॅग घेऊन उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला, पण बोलला नाही. सगळं काही एका दिवसात जुळत नाही, त्याला पुढे वेळ लागला.

अण्णा त्यानंतर पाचसहा वर्षं होते. ओटाही पुढे बंद पडला, लोक दुसरीकडे गेले. पण मला अण्णा आठवतात ते त्या प्लॅटफॉर्मवरचे. काकू आणि मेधा पुढे निघाल्या होत्या. मिलिंद दोन बॅगा घेऊन त्यांच्यामागे, पायात साध्या चपला. अण्णा माझ्याबरोबर चालता चालता एकदम खाली वाकले. मला वाटलं काही पडलं, की चक्कर आली. मी हात धरायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. हमालांच्या, हातगाड्यांच्या त्या गर्दीत ते कमरेत वाकून तसेच दहा-वीस पावलं चालले, मुलाच्या टाचेवर नजर लावून. मग सरळ झाले आणि हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "चंद्रकोरच आहे गं. दावा मंजूर."